बोनेटखालचा फुसफुसाट : निदान कुठवर आले आहे

गाडी गॅरेजच्या दारात उभी राहते. मालक उतरतो आणि म्हणतो, "इंजिनातून आवाज येतो." कसला, असे विचारले की तो तोंडानेच काढून दाखवतो. कोणी दात मिटून 'सूंऽऽ' करतो, कोणी 'फिस्स', कोणी बारीक शिट्टी वाजवतो. भंडारा जिल्ह्यातल्या तुमसरचा मिस्त्री या नकलेला हसत नाही. तो दोनच गोष्टी विचारतो, "गाडी थंडी असताना येते का गरम झाल्यावर? अन् रेस दिल्यावर वाढते का कमी होते जी?"

साधे वाटणारे हे दोन प्रश्न निदानाचा बराचसा भाग व्यापतात. कुकर, पंक्चर झालेली ट्यूब आणि सोड्याची बाटली एकाच कारणाने फुसफुसतात. एका बाजूला दाब जास्त, दुसऱ्या बाजूला कमी आणि मध्ये बारीक वाट. इंजिनाच्या आसपास अशा दाबातल्या फरकाच्या जागा डझनभर असतात. आवाज नेमका कुठून येतो हे कसे शोधायचे, कानाने की यंत्राने, आणि सापडल्यावर फट बुजवायची की अख्खा भाग बदलायचा, याबद्दल मिस्त्री, कंपनीची सर्विस सेंटरे आणि गाडीमालक यांचे गेल्या वीस-पंचवीस वर्षांत एकमत झालेले नाही. त्या मतभेदांची आजची स्थिती येथे मांडायची आहे. खडखड, टकटक किंवा किंचाळणारा पट्टा हे वेगळे विषय आहेत, त्यांना हात लावलेला नाही.

वाफेपासून टर्बोपर्यंत

फुसफुसणारे इंजिन तुमसरला नवे नाही. गावाचे मुख्य रेल्वे स्टेशन, तुमसर रोड, जवळच्या देव्हाडीत आहे आणि तिथून एक फाटा मँगनीजच्या पट्ट्यातून तिरोडीकडे जातो. वाफेची इंजिने होती तोवर फुसफुस हा इंजिनाचा धर्मच होता. वाफ बाहेर पडायची, आवाज व्हायचा, कोणाला त्यात बिघाड दिसत नसे.

पेट्रोल गाडीत उलटे घडते. तिथला फुसफुसाट बहुतेक वेळा बाहेर पडणाऱ्या हवेचा नसून आत शिरणाऱ्या हवेचा असतो, आणि नव्या माणसाची पहिली चूक इथेच होते. पेट्रोल इंजिन हा मुळात हवा ओढणारा पंप. पिस्टन खाली जाताना हवा खेचतो, पण आयडलवर थ्रॉटलचे झाकण जवळजवळ मिटलेले असते. त्यामुळे झाकणामागच्या मॅनिफोल्डमध्ये दाब बाहेरच्या वातावरणाच्या तिसऱ्या हिश्श्यावर किंवा त्याहून थोडा वर येऊन राहतो. व्हॅक्युम गेज लावला तर धडधाकट इंजिन १८ ते २० इंच पारा दाखवते आणि काटा स्थिर राहतो. या पोकळीवर ब्रेकचा बुस्टर चालतो आणि इंजिनाच्या पोटातली वाफ परत ओढली जाते. मॅनिफोल्डच्या पॅकिंगमध्ये केसाएवढी चीर पडली तरी बाहेरची हवा तिथून आत घुसते. गॅरेजच्या भाषेत गाडी 'हवा घेते'.

कार्बोरेटरच्या काळात, म्हणजे ॲम्बेसेडर, प्रीमियर पद्मिनी आणि डिसेंबर १९८३ नंतर आलेल्या मारुती ८०० च्या जमान्यात, हवा घेणारी गाडी लपत नसे. आयडल बसत नसे, इंजिन मिसिंग करायचे, सिग्नलवर बंद पडायचे. कार्बोरेटर बिचारा हवा किती येते ते फक्त आपल्या नळीपुरते ओळखायचा. बाजूने शिरलेल्या हवेला पेट्रोल मिळत नसे. मिस्त्री स्क्रू पिळून ट्यूनिंग करायचा आणि ते होईना की कान लावून चीर शोधायचा.

२००० साली देशभर प्रदूषणाचे पहिले युरोपीय धर्तीचे मानक आले आणि कार्बोरेटर मागे पडला. इंजेक्टर, सेन्सर आणि त्यांच्यावर हुकमत चालवणारा संगणक आला. भारत स्टेज ४ च्या गाड्यांना एप्रिल २०१० पासून ओबीडी-१ आणि एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२ लागू झाले. गाडी स्वतःचा आजार कोडच्या रूपात सांगू लागली. याच सुमारास टर्बो डिझेल गावोगाव पोचले. रांजणगावला आणि मानेसरला बनणारे फियाटच्या घराण्यातले १.३ लिटरचे डिझेल इंजिन इतक्या कंपन्यांच्या गाड्यांत बसले की लोक त्याला गमतीने राष्ट्रीय इंजिन म्हणत. एप्रिल २०२० मध्ये भारत स्टेज ६ आले आणि ते इंजिन थांबले, पण त्याच्या जुन्या गाड्या आजही धावत आहेत आणि त्यांचे रबरी पाईप आता म्हातारे झाले आहेत.

टर्बोने फुसफुसाटाची दिशा पुन्हा बदलली. टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत आणि तिथून इंजिनापर्यंत हवा दाबाखाली असते. तिथे फट पडली की हवा बाहेर उसळते. म्हणजे एकाच गल्लीत उभ्या असलेल्या दोन गाड्यांत एकसारखा 'सूं' येतो, पण एकीत हवा आत जात असते आणि दुसरीत बाहेर.

आत की बाहेर

पहिल्यांदा निरुपद्रवी आवाज बाजूला काढावे लागतात, कारण गॅरेजमध्ये आलेल्या तक्रारींत ते कमी नसतात. एसी बंद केल्यावर डॅशबोर्डमागून मिनिटभर येणारी फुसफुस म्हणजे गॅसचा दाब दोन्ही बाजूंना समान होत असतो. ब्रेक दाबताना पायापाशी क्षणभर येणारा हलका सुसकारा म्हणजे बुस्टर आपले काम करतो आहे. पावसात डबक्यातून गाडी काढली की तापलेल्या सायलेन्सरवर पाणी उडून 'छन्न' होते. टर्बो गाडीत वेग घेताना येणारी बारीक शिट्टी जन्मापासूनची असते, फक्त काच खाली केल्यावर ती पहिल्यांदा ऐकू येते. नवी गाडी घेतलेला माणूस पहिल्या महिन्यात असे चार आवाज घेऊन येतो आणि मिस्त्री त्याला चहा पाजून परत पाठवतो.

खऱ्या बिघाडात मिस्त्रीचे दोन प्रश्न कामाला येतात. आयडलवर जोरात आणि रेस दिल्यावर मंद होणारा आवाज मॅनिफोल्डच्या पोकळीतला असण्याची शक्यता मोठी, कारण थ्रॉटल उघडला की पोकळी भरते आणि हवा ओढण्याचा जोर जातो. आयडलवर काहीच नाही आणि चढणीवर किंवा ओव्हरटेक करताना 'सूं' होऊन पिकअप गेला, तर नजर टर्बोच्या पाईपाकडे जाते. सकाळी थंड गाडीत ठळक आणि दहा मिनिटांनी विरणारा आवाज एक्झॉस्टच्या पॅकिंगचा असू शकतो, धातू तापून फुगतो आणि फट मिटते. गाडी बंद केल्यावर सुरू होणारा आवाज रेडिएटरच्या वाटेवरचा समजावा.

यात पेट्रोल गाडीतले संशयित ठरलेले आहेत. इनटेक मॅनिफोल्डचे गास्केट, इंजिनाच्या पोटातली वाफ परत ओढू देणारा पीसीव्हीचा व्हॉल्व्ह आणि त्याचा कोपऱ्यात वळलेला रबरी पाईप, पेट्रोलची वाफ साठवणाऱ्या कॅनिस्टरकडे जाणारी बारीक नळी, बुस्टरचा जाड पाईप आणि खुद्द बुस्टरचा पडदा. शेवटच्या दोघांना वेगळे ठेवायला हवे, कारण तिथला बिघाड आवाजावर थांबत नाही. पेडल दगडासारखे होते. त्याची परीक्षा कोणालाही करता येते. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबायचे, मग दाबून धरून गाडी चालू करायची. पेडल पायाखाली किंचित खाली गेले तर बुस्टर ठीक. जागचे हलले नाही तर गाडी रस्त्यावर काढू नये.

डिझेलमध्ये थ्रॉटलची पोकळी नसते, म्हणून ब्रेकसाठी वेगळा व्हॅक्युम पंप बसवलेला असतो. कित्येक गाड्यांत त्याच पंपाच्या नळ्या टर्बोच्या ॲक्च्युएटरकडेही जातात. एका दोन रुपयांच्या नळीला चीर गेली की ब्रेक जड आणि पिकअप गायब, अशी एकमेकांशी संबंध नसलेली वाटणारी दोन दुखणी एकदम दिसतात. डिझेलचा आणखी एक खास आवाज म्हणजे इंजेक्टरच्या बुडाशी बसलेला तांब्याचा वॉशर गेल्यावरचा. तो सरळ सूं नसतो, 'चफ चफ' असा ठेक्यात येतो आणि इंजेक्टरभोवती डांबरासारखा काळा थर जमतो. हा ओळखला नाही आणि वर्षभर चालवला तर इंजेक्टर काढताना तुटण्याइतका घट्ट बसतो.

रेडिएटरबद्दल कुकरची उपमा नुसती उपमा राहत नाही. रेडिएटरच्या झाकणाचा दाब साधारण एक बारच्या आसपास ठरवलेला असतो आणि घरच्या कुकरची शिट्टीही तेवढ्याच दाबाला उडते. त्या दाबाला पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांना उकळते. झाकणाचे रबर कडक झाले, पाईपाला चीर गेली किंवा क्लिप सैल झाली की दाब उतरतो, पाणी लवकर उकळते आणि वाफ फुसफुसत बाहेर येते. शिट्टी होत असलेल्या कुकरचे झाकण कोणी हाताने काढत नाही, पण तापल्या रेडिएटरचे झाकण फडके धरून उघडणारे लोक दर उन्हाळ्यात भाजतात.

सीएनजी गाडीचा प्रश्न निदानाच्या पलीकडचा आहे. सिलिंडरमध्ये २०० बार दाब असतो. फुसफुसाट आणि गॅसचा वास एकत्र आले तर इंजिन बंद, सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद, माणसे लांब. मोबाइलची टॉर्च लावून फट शोधायला बोनेटखाली डोके घालण्याची ही वेळ नव्हे.

कान, स्कॅनर, धूर

पहिला पक्ष कानाचा. त्याचे हत्यार हातभर रबरी पाईप. एक टोक कानाला, दुसरे टोक संशयित जागेभोवती फिरवायचे. जिथे आवाज एकदम मोठा होतो ती जागा. १८१६ मध्ये फ्रान्सच्या लेनेक नावाच्या डॉक्टरने कागदाची नळी करून रुग्णाच्या छातीला लावली आणि स्टेथोस्कोप जन्मला, तोच हा प्रकार. लांब स्क्रूड्रायव्हर कानाला टेकवण्याची पद्धत बेअरिंगसारख्या घन वस्तूतल्या आवाजासाठी बरी, हवेच्या आवाजाला नळीच हवी. कानाच्या जोडीला हात येतो. एकेक पाईप चिमटीत दाबत जायचे, दाबल्यावर आवाज थांबला की चोर सापडला. पाण्याचा बारीक फवारा मारला तरी आत शिरणाऱ्या हवेचा आवाज क्षणभर बदलतो. साबणाचे पाणी मात्र इथे फसते. बुडबुडा यायला हवा बाहेर पडायला लागते, इथे ती आत जाते. टर्बोच्या पाईपावर साबण चालतो, मॅनिफोल्डवर नाही, आणि हा फरक माहीत नसलेले हात अर्धा दिवस फेस काढत बसतात.

कानाच्या पक्षाची बाजू भक्कम आहे. खर्च नाही, वीज नाही, कोणत्याही सालच्या गाडीला चालतो. पण त्याची एक अडचण फारशी बोलली जात नाही. फुसफुसाट हा उंच पट्टीचा आवाज आहे, आणि वय वाढते तसे माणसाला सर्वात आधी उंच पट्टीचेच ऐकू येईनासे होते. ग्राइंडर आणि हातोड्यांच्या गदारोळात तीस वर्षे काढलेल्या उस्तादाकडे सर्वात जास्त अनुभव असतो आणि नेमके त्याचेच कान या आवाजाला अपुरे पडू लागलेले असतात. अशा गॅरेजमध्ये ऐकण्याचे काम हाताखालच्या पोराकडे जाते, ऐकलेल्याचा अर्थ उस्ताद लावतो. ही जोडी चांगली चालते.

दुसरा पक्ष स्कॅनरचा. गाडीच्या स्टिअरिंगखालच्या सॉकेटला तो जोडला की कोड दिसतो आणि त्याहून उपयोगी म्हणजे चालू आकडे दिसतात. संगणक ठरलेल्या हिशोबापेक्षा किती टक्के जादा किंवा कमी पेट्रोल देतो आहे, याला फ्युएल ट्रिम म्हणतात. तो दहा टक्क्यांच्या आत वर-खाली असेल तर ठीक. आयडलवर पंचवीस टक्के जादा आणि अडीच हजार आरपीएमला पुन्हा जागेवर, असे दिसले तर मॅनिफोल्डला फट असल्याचा पुरावा मजबूत, कारण जास्त हवा ओढताना त्या फटीतल्या हवेचा वाटा नगण्य होतो. दुरुस्तीनंतर आकडा खाली आला की काम झाल्याची पावतीही मिळते. कान अशी पावती देऊ शकत नाही.

तरी स्कॅनर भाग दाखवत नाही, लक्षण दाखवतो. पी-०१७१ हा कोड 'मिश्रणात पेट्रोल कमी' एवढेच सांगतो. कारण फट असेल, पेट्रोल पंप दमला असेल, इंजेक्टर तुंबला असेल. कोडमध्ये ऑक्सिजन सेन्सरचा उल्लेख दिसला म्हणून सेन्सर बदलणे आणि सूं तसाच राहणे, हा खर्चिक अनुभव पुष्कळांच्या वाट्याला आला आहे.

याहून सूक्ष्म अडचण भारतीय गाड्यांची आहे. फटीमुळे फ्युएल ट्रिम वर चढतो हे सूत्र ज्या गाड्यांवरून आले त्यांत आत येणारी हवा मोजणारा एमएएफ सेन्सर असतो. फटीतून आलेली हवा त्याला चुकवून जाते, म्हणून हिशोब बिघडतो. आपल्याकडच्या अनेक छोट्या पेट्रोल गाड्या, अल्टोसारख्या, हवा मोजत नाहीत. त्या मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या एमएपी सेन्सरवर चालतात. फटीतून हवा शिरली की दाब वाढतो, सेन्सर ते पाहतो, संगणक तेवढे पेट्रोल देतो. मिश्रण बिघडत नाही, फक्त इंजिनाला जास्त हवा आणि जास्त पेट्रोल मिळून आयडल चढते. संगणक थ्रॉटल मिटवून ते खाली आणू पाहतो आणि हद्द झाली की पी-०५०७, म्हणजे 'आयडल अपेक्षेपेक्षा जास्त', असा कोड देतो. व्हिडिओ बघून शिकलेला माणूस अशा गाडीचा ट्रिम बघतो, तो नॉर्मल दिसतो आणि तो ठामपणे सांगतो की फट नाही. इकडे गाडी लाल दिव्यावर उभ्या उभ्या गुरगुरत असते. माझ्या मते स्कॅनरवरचा अविश्वास बराचसा यातून आला आहे, यंत्र खोटे बोलले म्हणून नव्हे.

तिसरा मार्ग धुराचा. इंजिन बंद ठेवून इनटेकमध्ये खनिज तेलाचा पांढरा धूर अगदी कमी दाबाने सोडायचा आणि तो कुठून बाहेर येतो ते बघायचे. शंकेला जागाच राहत नाही, दोन फटी असतील तर दोन्ही दिसतात. मोठ्या शहरांतल्या वर्कशॉपमध्ये हे यंत्र आता ओळखीचे आहे. लहान गावात ते परवडत नाही, कारण महिन्यातून दोन-चार गाड्यांसाठी ते कोण घेणार? त्याची जागा कुठेकुठे अगरबत्ती घेते. चालू इंजिनाजवळ धुराची रेघ नेली की फटीपाशी ती वाकून आत ओढली जाते. युक्ती बुद्धीची आहे, पण पेट्रोलच्या नळ्यांजवळ पेटती काडी नेणे आणि कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे मारून इंजिनाची चाल बदलते का पाहणे, या दोन्हींत गाडीला आग लागण्याचा धोका आहे. पाण्याचा फवारा तेच काम कमी जोखमीत करतो.

चौथी भूमिका निदानाची नाही, बदलाची आहे. आठ-दहा वर्षांच्या गाडीत एक पाईप फुटला म्हणजे बाकीचेही त्याच वयाचे आहेत, तेव्हा पूर्ण संच बदला, असे अनेक सर्विस सेंटरे सांगतात. याला केवळ बिल वाढवण्याचा डाव म्हणणे अन्यायाचे होईल. वॉरंटी द्यायची असते, गाडी त्याच तक्रारीने परत आली तर नाव जाते, आणि ताशी मजुरी महाग असते तिथे शोधण्यापेक्षा बदलणे खरोखर स्वस्त पडते. तुमसरमध्ये गणित उलटे आहे. इथे मजुरी स्वस्त, सुटा भाग महाग आणि तो यायला दोन दिवस. त्यामुळे इथला मिस्त्री शोधत राहतो. दोघेही आपापल्या जागी शहाणपणानेच वागतात.

ऊन, धान आणि उंदीर

रबर कशाने मरते हे तुमसरात बसून चांगले समजते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. उन्हात उभ्या गाडीच्या बोनेटखालचे तापमान त्याच्या किती तरी पुढे. रबर कडक होते, मग वळणाच्या जागी भेगा पडतात आणि प्लॅस्टिकचे सांधे खडूसारखे ठिसूळ होतात. क्लिप काढायला गेले की नळीचे टोकच हातात येते. म्हणून अनुभवी हात उन्हाळ्यात जुन्या गाडीच्या व्हॅक्युम नळ्यांना गरज नसताना स्पर्शही करत नाही.

तुमसर ही तांदळाची जुनी बाजारपेठ. धान निघाले की गावभर भुसा आणि कोंडा उडतो, डोंगरी बुजुर्ग आणि चिखल्याच्या खाणींच्या वाटेवर मँगनीजची काळी धूळ. एअर फिल्टर तुंबला की इंजिन त्याच्या झाकणाच्या कडेकडून हवा ओढते आणि एक जाडसर 'हूंऽ' ऐकू येतो. त्याला फट समजून गॅरेजला नेण्याआधी फिल्टर झटकून बघावा, काम पाच मिनिटांचे आहे.

आणि उंदीर. जिथे धानाची गोदामे तिथे उंदीर, आणि थंडीच्या रात्री गरम इंजिनासारखे बीळ नाही. सकाळी गाडी चालू केली आणि काल नसलेला सूं आला, तर बोनेट उघडून आधी लेंड्या आणि धानाची टरफले शोधावीत. उंदराने कुरतडलेल्या पाईपाच्या कडा दातेरी असतात, उन्हाने फुटलेल्याच्या सरळ. अमेरिकेत तारांच्या आवरणात सोयाबीनपासून केलेला पदार्थ असल्यामुळे उंदीर येतात, असा दावा गाडी कंपन्यांविरुद्ध न्यायालयापर्यंत गेला. इकडचे उंदीर आवरणात काय आहे ते बघत नाहीत, त्यांना दात झिजवायचे असतात. तंबाखूची पुडी, कडुनिंबाची पाने, फिनाइलच्या गोळ्या हे सगळे उपाय लोक करतात आणि सगळ्यांचे समर्थकही भेटतात.

सापडल्यावर

फट सापडली की निम्मी दुरुस्ती किरकोळ असते. सैल क्लिप आवळणे, पाईपाचे फुटलेले टोक इंचभर कापून पुन्हा चढवणे, झाकण बदलणे. वाद सुरू होतो तो पर्यायी मालावर. व्हॅक्युमच्या जागी हीटरचा किंवा पेट्रोलचा साधा पाईप टाकला तर तो आतल्या ओढीने चपटा होतो. आवाज जातो आणि ब्रेक जड होतात, म्हणजे रोग बरा होण्याऐवजी मुका होतो. टर्बोच्या फुटलेल्या पाईपावर ट्यूब गुंडाळून क्लिपा मारणे भंडाऱ्यापर्यंत पोचायला चालते, पावसाळाभर नाही. प्लॅस्टिकच्या मॅनिफोल्डवर एम-सील लावणारे आणि त्याला नावे ठेवणारे दोन्ही आहेत. थंड जागी ते वर्षानुवर्षे टिकलेले दिसते, तापणाऱ्या जागी महिन्यात सुटते.

मॅनिफोल्डचे गास्केट बदलताना बोल्ट कोणत्या क्रमाने आणि किती जोराने आवळायचे हे ठरलेले असते, मधून सुरू करून बाहेर. अंदाजाने आवळले तर ॲल्युमिनियम वाकते आणि नव्या गास्केटनिशी जुना सूं परत येतो. टॉर्क पान्याची सवय लहान गॅरेजांत हळूहळू येते आहे. रेडिएटरच्या गळतीवर बाटलीतली पावडर टाकण्याच्या प्रथेला मात्र कोणत्याच पक्षाचा जाणकार पाठिंबा देत नाही. ती गळतीबरोबर बारीक वाटाही बुजवते. तसेच कूलंटऐवजी नळाचे पाणी भरणे. त्याने आज काही होत नाही, दोन वर्षांनी रेडिएटरला सुईएवढी भोके पडतात.

न सुटलेले

पहिला मुद्दा माहितीचा. खोल निदानाची सॉफ्टवेअरे आणि अस्सल सुटे भाग कंपनीच्या साखळीबाहेरच्या मिस्त्रीला मिळावेत का? शमशेर कटारिया यांच्या तक्रारीवर भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला आणि भाग व निदानाची साधने खुली करण्यास सांगितले. कंपन्यांचे म्हणणे असे की अप्रशिक्षित हातांत ही साधने गेली तर सुरक्षिततेची जबाबदारी कोण घेणार. प्रकरण अपिलांत गेले. डिसेंबर २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले, त्यात मोटारगाड्या हे एक क्षेत्र आहे. तुमसरपासून भंडारा तीस-पस्तीस किलोमीटर आणि नागपूर नव्वद-शंभर. एका कोडचा अर्थ विचारायला तेवढे अंतर जावे लागते की फोनवर काम भागते, यावर हा हक्क इथे मोजला जाईल.

दुसरा मुद्दा ई-२० पेट्रोलचा. वीस टक्के इथेनॉल काही जातींच्या जुन्या रबराला मानवत नाही, हे रसायनशास्त्र वादाचे नाही. वाद प्रमाणाचा आहे. पेट्रोलियम मंत्रालयाने २०२५ च्या ऑगस्टमध्ये सांगितले की काही जुन्या गाड्यांत वीस-तीस हजार किलोमीटरनंतर थोडी रबरे आणि गास्केट बदलावी लागू शकतात आणि ते स्वस्त काम आहे. गाडीमालकांच्या तक्रारींचा सूर वेगळा आहे. मिस्त्रीपुढची अडचण अशी की ४५ अंशांच्या उन्हात दहा वर्षे शेकलेला पाईप फुटला तर त्यात उन्हाचा वाटा किती आणि इथेनॉलचा किती, हे पाईप बघून सांगता येत नाही. व्हॅक्युमच्या नळ्यांत द्रव पेट्रोल जातच नाही, तेव्हा प्रत्येक सूंचा आळ ई-२० वर घालणे घाईचे ठरेल. कॅनिस्टरच्या वाफेच्या नळ्यांबद्दल प्रश्न खुला ठेवावा लागतो.

तिसरा मुद्दा पैशाचा, आणि तो या सगळ्यांखाली पडलेला आहे. बिलावर पाईप येतो, क्लिप येते, मजुरी येते. पाऊण तास ऐकण्याला रकाना नाही. नळी दोन रुपयांची निघाली तर मालक म्हणतो, एवढ्यासाठी तीनशे? त्याच मालकाला महागडा सेन्सर बदलला तर दीडशे रुपये मजुरी रास्त वाटते. याचा परिणाम निदानावर होतो. जिथे शोधण्याचे पैसे मिळत नाहीत तिथे बदलण्याकडे कल झुकतो, मग मिस्त्री कितीही प्रामाणिक असो. काही गॅरेजांनी यातून वाट काढली आहे. स्कॅनर लावण्याचा वेगळा आकार घेतला जातो आणि लोक तो कुरकुर न करता देतात, कारण यंत्र दिसते, त्यावर आकडे हलतात. त्यामुळे हातभर रबरी पाईपाने पाच मिनिटांत सापडणाऱ्या फटीसाठीही हल्ली आधी स्टिअरिंगखाली स्कॅनर खोचला जातो, आणि मालक पुढच्या सीटवर बसून स्क्रीनकडे बघत असताना पोरगा पुढे उभा राहून बोनेटखाली ऐकतो.